थर्मल कॅमेरा घेण्याआधी: मोर्शीकडच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न विचारणारा मोर्शी तालुक्यातला, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा आहे. घरी तीन एकर संत्रा. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. थर्मल कॅमेऱ्यांत सध्या नवीन काय चाललंय? त्यात आपल्याकडच्या मुलाला करण्यासारखं काही आहे का? आणि मोबाईलला लावायचा स्वस्त कॅमेरा घेऊन गावात काम सुरू करता येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कॅमेरा घे, पण निदान एक वर्ष त्याच्या जोरावर कुणाकडून पैसे घेऊन रिपोर्ट देऊ नकोस. दुसऱ्याचं उत्तर हो, भरपूर आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं काम तुझ्या वडिलांच्या बागेतच पडलेलं आहे. पहिल्याला वेळ लागेल, कारण नवीन काय हे कळायला कॅमेरा नेमकं काय पाहतो ते आधी कळायला हवं. मी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंग, दालमिल आणि तेल गिरण्यांमध्ये वीस वर्षांहून जास्त काळ थर्मल तपासणी करतो. या काळात सर्वात जास्त चुका मी याच एका ठिकाणी पाहिल्या, आणि त्यातली एक माझी स्वतःची आहे.

चुलीतला निखारा लाल दिसतो तेव्हा तो सातशे अंशांच्या आसपास असतो. झाडाचं पान, गोठ्यातली गाय, विटांची भिंत, आपण स्वतः, सगळेच तसंच काहीतरी सोडत असतो. फक्त आपल्या तापमानाला त्या किरणांची लांबी 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते आणि डोळ्याला ती दिसत नाही. विल्यम हर्शेलनं 1800 साली प्रिझममधून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. तेच अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, किरण. हवा त्यातल्या 8 ते 14 मायक्रॉनच्या पट्ट्याला बऱ्यापैकी वाट देते, म्हणून आपले बहुतेक कॅमेरे याच पट्ट्यात पाहतात. काच मात्र त्यांना भिंतीसारखी अडवते. बंद काचेतून काढलेला थर्मल फोटो हा काचेचाच फोटो असतो, आणि कॅमेऱ्याची लेन्स काचेची नसून जर्मेनियमची असते ती याचसाठी. पाण्याचाही फक्त वरचा पापुद्रा दिसतो. विहिरीत खाली काय आहे ते कळत नाही.

यातली खरी गोम अशी की कॅमेऱ्यापर्यंत येतो तो किरणांचा प्रवाह. त्याचं तापमान कॅमेरा हिशोबानं काढतो, आणि त्या हिशोबाला आपण दिलेली माहिती लागते. त्यातली पहिली म्हणजे एमिसिव्हिटी, पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती प्रामाणिकपणे बाहेर टाकतो त्याचा आकडा. माणसाच्या कातडीचा हा आकडा 0.98 च्या आसपास, हिरव्या पानाचा 0.95 च्या वर, काळ्या इन्सुलेशन टेपचा 0.95. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा मात्र 0.1 किंवा त्याहूनही कमी. म्हणजे असं अ‍ॅल्युमिनियम स्वतःबद्दल एक हिस्सा सांगतं आणि नऊ हिस्से समोरच्या भिंतीचं, छताचं आणि तुझं प्रतिबिंब दाखवतं.

माझी चूक इथेच झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये मुख्य पॅनेलच्या अ‍ॅल्युमिनियम बसबारच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड पट्टीच्या, जोडावर कॅमेरा रोखला, 47 अंश दिसले, शेडमध्ये 35 होते, मी वहीत 'ठीक' लिहिलं आणि पुढे गेलो. आठ-दहा दिवसांनी तोच जोड जळाला. ऐन हंगामात गाड्या फाटकाबाहेर उभ्या आणि मिल दोन दिवस बंद. शेतकरी कापसाच्या गाड्यांवर झोपलेले मी पाहिले, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नंतर कागद घेऊन हिशोब केला. पृष्ठभाग 120 अंशांवर आहे, त्याची एमिसिव्हिटी 0.1 आहे, भोवताल 35 अंश आहे आणि कॅमेऱ्यात 0.95 भरलेलं आहे, असं धरलं तर पडद्यावर सुमारे 47 च येतात. तूही करून बघ. किरणांचा प्रवाह केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतो, एवढं एक सूत्र पुरे. कॅमेरा बरोबर होता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

तेव्हापासून प्रत्येक नव्या मिलमध्ये पहिलं काम एकच. शटडाउन घेऊन, लाईन बंद झाल्याची खात्री करून, प्रत्येक जोडाशेजारी काळ्या टेपचा किंवा मॅट रंगाचा छोटा ठिपका द्यायचा. पुढची दहा वर्षं त्या ठिपक्यावर कॅमेरा रोखायचा. शंभर रुपयांच्या टेपनं लाखाच्या कॅमेऱ्यात जेवढी अचूकता आणली तेवढी मला दुसऱ्या कशानंच मिळाली नाही.

दुसरी गोष्ट लोडची. जोड तापतो तो करंटच्या वर्गानं. पूर्ण लोडवर जी वाढ दिसेल तिचा जेमतेम सहावा हिस्सा चाळीस टक्के लोडवर दिसतो. म्हणून जिनिंगची तपासणी ऑगस्टात, मशीन नुसतं फिरवून दाखवत असतील तेव्हा, करण्यात काहीच अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीत, आवक भरात असताना जायचं. गावातल्या डीपीचंही, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीचंही, तसंच. दिवसा सिंगल फेजवर चार बल्ब चालू असताना डीपी थंडच दिसेल. हरभरा-गव्हाला पाणी सुरू असतं, रात्रपाळीची थ्री फेज येते आणि शिवारातले सगळे पंप एकदम चालू होतात, तेव्हा किटकॅट फ्यूजचा कुठला जबडा आणि केबलच्या टोकाचा कुठला लग तापतो ते दिसतं. रात्री उन्हाचाही त्रास नाही. तीन फेजची एकमेकांशी तुलना कर. दोन सारखे आणि तिसरा वीस अंशांनी वर असेल तर आकडा तपासत बसायची गरज नाही. मात्र डीपीच्या पेटीला हात लावू नकोस, झाकणही उघडू नकोस, ते लाईनमनचं काम आहे. पेटी उघडी असेल तर लांबूनच बघ.

लांबून म्हटलं की अंतराचा हिशोब येतो, आणि स्वस्त कॅमेऱ्याची खरी मर्यादा इथे कळते. मोबाईलला लागणाऱ्या चांगल्या कॅमेऱ्यात साधारण 256 बाय 192 ठिपके (पिक्सेल) असतात आणि दृष्टीचा कोन 50 अंशांच्या आसपास. म्हणजे एक ठिपका 6 मीटरवर 2 सेंटिमीटर झाकतो. भरवशाचं तापमान हवं तर वस्तूवर निदान तीन बाय तीन ठिपके पडायला हवेत, म्हणजे 6 सेंटिमीटर. डीपीवरचा लग असतो अडीच सेंटिमीटरचा. त्याच्या तापमानात मागचं थंड आकाश मिसळतं आणि आकडा खाली येतो. असा फोटो 'इथे काहीतरी तापतंय' एवढं सांगतो, 'किती' ते सांगत नाही. म्हणूनच म्हटलं, रिपोर्ट देऊ नकोस. लोकांना आकडा हवा असतो आणि तो देण्याचा मोह होतो.

आता सेन्सरच्या संशोधनाकडे येतो. पूर्वीचे चांगले थर्मल कॅमेरे थंड करून चालवावे लागत. मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड हे संयुग 1959 साली इंग्लंडात पुढे आलं. त्याचे डिटेक्टर अतिशय संवेदनशील, पण त्यांना द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे उणे 196 अंशांच्या आसपास ठेवावं लागे. लष्कर, उपग्रह आणि मोठ्या प्रयोगशाळा सोडल्या तर ते कुणाच्या आवाक्यात नव्हतं. आपल्या देशात दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीनं या डिटेक्टरांवर काम केलं, आणि डेहराडूनच्या आयआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेनं रणगाड्यांसाठी आणि सैनिकांसाठी थर्मल दुर्बिणी घडवल्या.

चित्र पालटलं ते मायक्रोबोलोमीटरमुळे. व्हॅनेडियम ऑक्साइडचा एक इवलासा पूल, दोन बारीक पायांवर, निर्वात पोकळीत टांगलेला. किरण पडले की तो तापतो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो, एका अंशाला सुमारे दोन टक्के. समोरची वस्तू एका अंशानं तापली तर हा पूल तापतो तो अंशाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. एवढा बारीक बदल, तोही लाखभर पुलांवर एकाच वेळी, आणि थंड करण्याची काही सोय न करता वाचायचा, हे मला आजही या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. अमेरिकेत हनीवेल कंपनीनं ते 1980 च्या दशकात लष्करासाठी केलं आणि 1992 पर्यंत ते गुप्त होतं. फ्रान्समध्ये अ‍ॅमॉर्फस सिलिकॉन वापरून दुसरी वाट निघाली. पुलाची रुंदी तेव्हा 50 मायक्रॉन होती, मग 25, मग 17, आज 12 सर्रास मिळते आणि 10 व 8 चे सेन्सरही निघालेत. पूल लहान झाला की सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त सेन्सर निघतात, लेन्सही लहान लागते आणि किंमत उतरते. पूर्वी तीन-चार लाखांखाली न मिळणारी गोष्ट तुझ्या मोबाईलला लागते ती या कारणानं.

पण ही वाट फार पुढे जाणार नाही. ज्या किरणांची लांबीच 10 मायक्रॉन आहे, त्यांना कुठलीही लेन्स एका मर्यादेपलीकडे बारीक बिंदूत गोळा करू शकत नाही. चांगल्यात चांगल्या लेन्समध्येही तो ठिपका वीस-पंचवीस मायक्रॉनचा पडतो. म्हणून आता लक्ष इतरत्र आहे. एक, सेन्सरभोवतीची निर्वात पेटी एकेक करून न बांधता अख्ख्या चकतीवर एकदम बांधणं. दुसरं, जर्मेनियमला पर्याय. चीननं ऑगस्ट 2023 पासून जर्मेनियमच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि साऱ्या उद्योगाचं या एका धातूवरचं अवलंबन उघडं पडलं. कॅल्कोजेनाइड काच साध्या काचेसारखी हे किरण अडवत नाही, ती साच्यात दाबून लेन्स करता येते, जर्मेनियमसारखी घासत बसावी लागत नाही, त्यामुळे तिच्यावर आता जोर आहे. तिसरं, थंड डिटेक्टर कमी थंड करून चालवणं. उणे 196 ऐवजी उणे 120 च्या आसपास काम भागलं तर शीतक यंत्र लहान होतं, जास्त वर्षं टिकतं.

चौथी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची, आणि इथे सावध राहा. हल्ली बरेच कॅमेरे 256 बाय 192 चं चित्र दुप्पट करून दाखवतात. बाहेरच्या कडा सुबक दिसतात, जनावर ओळखायला मदतही होते. पण मधले ठिपके मोजलेले नसतात, अंदाजानं भरलेले असतात. चित्र म्हणून ते घे, मोजमाप म्हणून कधीच घेऊ नकोस. कॅमेऱ्यात मूळ फाईल साठवण्याची सोय नसेल तर तो कॅमेराच घेऊ नकोस.

आणखी एक, तुला पडेल असा प्रश्न. स्वस्त कॅमेऱ्यात चित्र अडखळत का चालतं? सेकंदाला 9 किंवा त्याहून कमी चित्रं देणाऱ्या कॅमेऱ्यांना निर्यातीचे नियम सैल आहेत, म्हणून कंपन्या मुद्दाम तेवढीच ठेवतात. झाड काही पळत नाही, आपल्याला त्यानं फरक पडत नाही. मधूनमधून येणारा 'टक' आवाज शटरचा. कॅमेरा स्वतःसमोर झाकण धरून सगळे ठिपके एका पातळीवर आणतो. तो आवाज झाल्यावरच फोटो काढायची सवय लाव.

हे सगळं ज्या प्रयोगशाळांत घडलं, तिथे बाहेर 45 अंशांचा मे महिना नव्हता. मला तुला सांगायचं आहे ते मुख्यतः इथून पुढे.

चंद्रपूर, अकोला, नागपूर, उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. उघडी काळी जमीन दुपारी 60 अंशांपलीकडे तापते. अशा वेळी माणूस किंवा जनावर जमिनीपेक्षा थंड असतं आणि चित्रात काळं दिसतं. पांढरं, चमकणारं शरीर शोधायची सवय झालेला माणूस समोरचं रानडुक्कर सोडून तापलेल्या दगडाकडे बघत बसतो. सकाळी आणि संध्याकाळी एकेक वेळ अशी येते की जमीन आणि जनावर सारख्याच तापमानाला येतात आणि चित्रातून जनावर नाहीसंच होतं. रात्री जागलीला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात 100 मीटरवरचं मीटरभर लांबीचं डुक्कर तीन ठिपक्यांचं असतं. तीन ठिपक्यांवरून ते डुक्कर आहे, रोही आहे की वाघ आहे, हे कुणालाही सांगता येणार नाही. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत हा प्रश्न जीवन-मरणाचा आहे. 35 मिलिमीटर लेन्सची वेगळी दुर्बीण असेल तर त्याच अंतरावर एक ठिपका साडेतीन सेंटिमीटरचा होतो आणि आकार ओळखू येतो. तुझ्या कॅमेऱ्याच्या भरवशावर कुणालाही अंधारात 'जा, काही नाही' म्हणू नकोस.

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवू नकोस. बहुतेकांची काम करण्याची हद्द 50 अंशांची असते आणि बंद गाडीत ती सहज ओलांडली जाते. एसीतून बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावलीत राहू दे, मग वापर.

आता बाग.

संत्र्याच्या आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, मृग बहारासाठी मे महिन्यात. ताण बसला की पाणी दिल्यावर फूट आणि फुलं येतात. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण ताण किती दिवस द्यायचा हे जमिनीवर ठरतं. मुरमाड हलक्या रानात तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत महिना उलटला तरी झाड हिरवंगार असतं. एकाच बागेत दोन्ही प्रकारची जमीन असते, म्हणून एक कोपरा जास्त सुकतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात फूलच धरत नाही. जुने बागायतदार पान बघून ठरवतात. मोर्शीकडचे एक काका मला म्हणाले होते, "भाऊ, याचं पान अजून बोलून नाही रायलं. बोललं का मंग पानी." त्यांचं पान म्हणजे दुपारी मलूल होणारं, फिकट पडणारं, कडा आत वळवणारं पान. थर्मल कॅमेऱ्याला ते बोलणं काही दिवस आधी ऐकू येतं.

कारण साधं आहे. पान पाणी बाहेर टाकतं तेव्हा त्याला गारवा येतो, माठासारखा. पाणी कमी पडलं की पान आपली रंध्रं मिटतं, गारवा थांबतो आणि पान तापतं. हे पान पिवळं पडण्याआधी घडतं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, आपल्यासारख्याच कोरड्या तापत्या हवेत, इड्सो, जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली पान आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावरून पिकाच्या ताणाचा निर्देशांक मांडला. अडचण अशी की तो फरक हवेतल्या कोरडेपणावरही अवलंबून असतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत भरपूर पाणी दिलेलं झाड हवेपेक्षा कितीतरी थंड राहतं, तर श्रावणात तेच झाड हवेइतकंच असतं. त्यात स्वस्त कॅमेऱ्याचा आकडा दोन अंशांनी इकडेतिकडे असू शकतो.

ही अडचण स्कॉटलंडमधल्या हॅम्लिन जोन्स यांनी 1999 च्या सुमारास फार सुंदर सोडवली, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. ज्या झाडाचा फोटो काढायचा त्याच झाडाचं एक पान दोन्ही बाजूंनी पाण्यानं ओलं करायचं. पाण्यात साबणाचा एखादा थेंब, म्हणजे ते पसरतं. हे झालं सगळ्यात थंड पान. शेजारच्या पानाला दोन्ही बाजूंनी व्हॅसलिन फासायचं. त्याची रंध्रं बुजली, ते झालं सगळ्यात तापलेलं पान. मग तिन्ही एकाच चित्रात घ्यायचं, ओलं पान, व्हॅसलिनचं पान आणि झाडाची साधी पानं. समज ओलं 22 अंश, व्हॅसलिनचं 30, आणि साधी पानं 24. साध्या पानातून ओलं वजा केलं, 2 आले. व्हॅसलिनच्या पानातून ओलं वजा केलं, 8 आले. दोनाला आठानं भाग, 0.25. हे झाड अजून आरामात पाणी पीत आहे. पुढच्या झाडाची पानं 28 असतील तर 0.75, तिथे ताण चांगलाच बसला. कॅमेरा दोन अंश चुकत असेल तर तिन्ही ठिकाणी तेवढाच चुकेल आणि वजाबाकीत चूक निघून जाईल. जे एका चित्रातल्या फरकावर उभं आहे त्यात तुझा स्वस्त कॅमेराही भरवशाचा ठरतो, कारण एकाच चित्रातला फरक तो अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक दाखवू शकतो. फक्त तिन्ही पानं चित्राच्या मधल्या भागात घे. कोपऱ्यांत स्वस्त कॅमेरे बिघडतात.

वेळ दुपारी बारा ते दोन, आभाळ निरभ्र, वारा कमी. नेहमी झाडाची उन्हातली एकच बाजू घ्यायची. फांद्यांच्या फटीतून दिसणारी तापलेली जमीन मोजमापात येऊ द्यायची नाही, तिच्यामुळे झाड विनाकारण तापलेलं दिसतं. पावसाळ्यात हे करण्यात अर्थ नाही.

आता मोलाचा प्रश्न. नागपुरी संत्र्याला, हलक्या जमिनीत आणि भारी जमिनीत, हा आकडा किती झाला की ताण पुरेसा झाला? आणि कितीच्या पुढे गेला की झाडाचं नुकसान होतं? मोर्शीच्या शेतकऱ्याला पाणी सोडायचा दिवस ठरवता येईल असा आकडा आपल्या बागांतूनच निघायला हवा. अ‍ॅरिझोनाच्या कापसाचा किंवा स्पेनच्या लिंबूवर्गाचा आकडा उचलून इथे लावता येणार नाही. झाड वेगळं, खुंट वेगळा, जमीन वेगळी. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. रिकाम्या हातानं गेलास तर तुझं कौतुक करून चहा पाजतील. दोन हंगामांची, झाडवार, तारीखवार नोंद घेऊन गेलास तर शास्त्रज्ञ तुझ्याशी बसून बोलतील. हे मी अनुभवानं सांगतो.

त्याच चित्रांत तुला एखादं झाड, पाणी चालू असतानाही, सतत तापलेलं दिसेल. ते डिंक्यानं मुळं कुजत असलेलं असू शकतं, किंवा त्या झाडाचा ड्रिपर बुजलेला असेल, किंवा खोडकिडा असेल. कॅमेरा झाड दाखवतो, कारण दाखवत नाही. कुदळ घेऊन बुंध्याशी बसावं लागतं. पण तीनशे झाडांतून कुठल्या पाच झाडांशी बसायचं हे पान पिवळं पडण्याआधी कळलं, तर ती झाडं वाचू शकतात. उशिरा कळलेला डिंक्या काय करतो ते तुझ्या भागात प्रत्येक घरानं पाहिलंय.

काही लोक ड्रोनवर थर्मल कॅमेरा लावून बोंडातली गुलाबी अळी दाखवतो म्हणून शेतकऱ्यांकडून पैसे घेतात. हे खोटं आहे. अळीचं शरीर भोवतालच्याच तापमानाला असतं आणि ती बोंडाच्या आत असते. अवरक्त किरण बोंडाच्या सालीतून बाहेर येत नाहीत. कामगंध सापळे लावा, बोंडं फोडून बघा. ज्या शेतकऱ्यानं बियाणं-खतासाठी सावकाराचं दार ठोठावलंय त्याच्याकडून असल्या चित्रांचे पैसे घेणं मला सहन होत नाही. कुणी विचारलं तर स्पष्ट सांग.

कापसाच्या गंजीचंही असंच. कापूस म्हणजे गोधडी. आत धुमसत असलं तरी वरून कितीतरी वेळ थंड दिसतो. गंजी कॅमेऱ्यानं बघितली, आता आग लागणार नाही, असं कुणालाही सांगू नकोस. कॅमेऱ्याचा उपयोग आहे तो बेअरिंग, पट्टे, मोटार आणि पॅनेलवर, म्हणजे ठिणगी जिथे जन्मते तिथे. वणीकडच्या कोळशाच्या साठ्यांत पहाटे फटींमधून उष्णता दिसते, तिथे तो चांगला कामी येतो.

गोठ्यात मात्र करून बघण्यासारखं आहे. दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईच्या कासेचा सुजलेला भाग इतर भागांपेक्षा एखाद-दीड अंशानं तापलेला दिसू शकतो. धार काढण्याआधी, सावलीत, कास कोरडी असताना चारही सडांच्या बाजू एका चित्रात घे. फरक दिसला की पशुवैद्यकाला दुधाची तपासणी करायला सांग. तुझं चित्र म्हणजे निदान समजू नकोस.

उपग्रहांबद्दल थोडक्यात. लँडसॅट 8 आणि 9 जमिनीचं तापमान 100 मीटरच्या ठिपक्यानं टिपतात, दोघं मिळून आठ दिवसांनी एकदा, आणि ती माहिती फुकट मिळते. 100 बाय 100 मीटर म्हणजे अडीच एकर. तुमची तीन एकर बाग जेमतेम एका ठिपक्याएवढी होईल, पण नदीकाठ ते माथा असं सगळं शिवार बघायला ते चांगलं. आपली इस्रो आणि फ्रान्सची अंतराळ संस्था मिळून 'तृष्णा' नावाचा उपग्रह तयार करत आहेत, सुमारे 60 मीटरच्या ठिपक्याचा आणि दर तीनेक दिवसांनी त्याच जागेवरून जाणारा, खास जमिनीच्या आणि पिकाच्या तहानेसाठी. मेळघाटात आणि गडचिरोलीत मोहफुलांच्या दिवसांत पालापाचोळा पेटवला जातो, तेव्हा वणव्याच्या सूचना अशाच उपग्रहांवरून भारतीय वन सर्वेक्षणाकडून वनखात्याला जातात.

पहिला महिना घरातच घालव. स्टीलच्या भांड्यात गरम पाणी भर, बाहेरून अर्ध्या भागावर काळी टेप लाव आणि दोन्हीकडे कॅमेरा रोख. एकाच भांड्यावर दोन आकडे दिसतील. ते का, हे वडिलांना समजावून सांगता आलं की पुढे जा. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पाणी घे, वरचा पृष्ठभाग शून्य दाखवतो का बघ. टेप लावलेली पळी उकळत्या पाण्यातून काढून लगेच बघ, 99 च्या थोडं खाली यायला हवं. फरक वहीत लिही, महिन्यातून एकदा परत कर. व्यवसाय करायचाच असेल तर आयएसओ 18436 च्या सातव्या भागाप्रमाणे थर्मोग्राफीचं पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र घे, मगच रिपोर्टावर सही कर.

आणि प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, हवेचं तापमान, वारा, आभाळ, शेवटचं पाणी कधी दिलं, जमीन कशी, झाड नंबर किती, एवढं लिहायचं. झाडांना नंबर आजच टाक, चुन्यानं नको, पत्र्याच्या बिल्ल्यानं टाक. पाणी तोडण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या झाडांचं एक चित्र हवं. नंतर आठवड्यातून दोनदा, निवडलेली वीस झाडं, दहा हलक्या रानातली आणि दहा भारी. फुलं आल्यावर प्रत्येक झाडाची फूट मोजायची. डिसेंबरात ताण सुरू झाला की मी मोर्शीकडे एका बागेत असाच बसणार आहे. तू तुझ्या बागेत त्याच दिवसापासून सुरू कर. पोळ्याच्या आधी आपल्या दोन्ही वह्या समोरासमोर ठेवू आणि माझी हलकी जमीन तुझ्या हलक्या जमिनीशी जुळते का बघू.